डिले लाइनचा बफर मोजताना या चुका टाळा

प्युअर डेटात (बॉक्स वायरींनी जोडून आवाज घडवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) डिलेचा, म्हणजे आवाज उशिरा वाजवण्याचा, स्लायडर १००० मिलिसेकंदांवर नेला, तरी एको ५००वरच अडकून राहतो. कन्सोलमध्ये एरर नसते, म्हणून तासभर वायरी तपासण्यात जातो. दोष ‘डेलराइट~ एको ५००’ या बॉक्समध्ये असतो. तो ‘एको’ नावाच्या ५०० मिलिसेकंदांच्या बफरमध्ये, म्हणजे आवाज साठवायच्या जागेत, आवाज लिहितो आणि ‘डेलरीड~’ तो तिथून वाचतो. बफर ५००चा असला, की ‘डेलरीड~’ला त्यापुढचा कोणताही आकडा द्या, तो मुकाट्याने ५०० धरतो.

बफरचं माप सर्वांत संथ लयीवरून काढा. ६०००० भागिले बीपीएम (मिनिटाला पडणाऱ्या मात्रा) म्हणजे एका मात्रेचे मिलिसेकंद. १२०ला ५००, पण ४०ला १५०० आणि दीडपट मात्रा हवी असेल तर २२५०. तिथे २५०० द्या. भीतीपोटी दहा मिनिटांचा बफर मात्र देऊ नका. ४४१०० हर्ट्‌झला एका सेकंदाला १,७६,४०० बाइट लागतात, म्हणजे अशी एकच लाइन सुमारे १०६ एमबी खाते.

कोरसमध्ये (डिले साइन लहरीने सतत मागेपुढे हलवून आवाज दाट करणाऱ्या इफेक्टमध्ये) मध्य २० मिलिसेकंद आणि डेप्थ, म्हणजे हलण्याची मर्यादा, ८ असेल, तर वाचन २८पर्यंत जातं. बफर २५चा ठेवलात, तर साइनचा माथा सपाट कापला जातो आणि दर फेरीत सूर क्षणभर हलायचा थांबतो. बफर ३५चा ठेवा आणि ‘डेलरीड४~’ वापरा. साधा ‘डेलरीड~’ वेळ बदलताना खटखटतो.

खालची मर्यादा जास्त फसवी आहे. फीडबॅकमध्ये (वाचलेला आवाज पुन्हा त्याच बफरमध्ये लिहिताना) डिले एका ब्लॉकपेक्षा, म्हणजे एका दमात मोजल्या जाणाऱ्या सॅम्पलच्या गटापेक्षा, कमी होत नाही. ६४ सॅम्पल म्हणजे १.४५ मिलिसेकंद. त्यामुळे तारेच्या आवाजाचा पॅच ६८९ हर्ट्‌झच्या वर चढतच नाही, वरचे सगळे स्वर एकाच सुरात वाजतात. उपाय: ‘डेलराइट~’ आणि ‘डेलरीड~’ दोन्ही एकाच सबपॅचमध्ये (पॅचच्या आतल्या छोट्या पॅचमध्ये) टाका आणि आत ‘ब्लॉक~ १’ ठेवा. सीपीयूवर ताण येतो, म्हणून तेवढाच भाग आत न्या. फीडबॅक नसताना हीच अडचण आली, तर वाचन लेखनाच्या आधी होतंय. दोघांना वेगळ्या सबपॅचमध्ये ठेवून लेखनाच्या ‘आउटलेट~’पासून वाचनाच्या ‘इनलेट~’पर्यंत वायर ओढा. तिच्यातून काही वाहिलं नाही तरी क्रम ठरतो.

अ‍ॅब्स्ट्रॅक्शनच्या (वेगळ्या फाइलमध्ये ठेवून पुन्हा पुन्हा वापरायच्या पॅचच्या) दोन प्रती उघडणार असाल, तर नाव ‘$०-एको’ असंच द्या. ‘$०’च्या जागी प्रत्येक प्रतीत वेगळा आकडा येतो, म्हणून दोन बफरांची नावं भिडत नाहीत.

मॅक्स या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एकक बघा. ‘टॅपइन~’ मिलिसेकंद घेतो आणि आकडा दिला नाही तर १०० धरतो. ‘डिले~’ला मात्र सॅम्पल लागतात: ‘डिले~ ४४१००’ म्हणजे ४४१०० हर्ट्‌झला एक सेकंद, ९६०००ला जेमतेम ४५९ मिलिसेकंद.