परदेशातल्या आंदोलनांचे फोटो वाचताना या चुका टाळा

परदेशातल्या मोर्चाचा फोटो समोर आला की आपण आधी रंग बघतो, मग हात, मग पक्षाचं नाव, आणि तिन्हींना आपल्या ओळखीचा अर्थ चिकटवून मोकळे होतो. चिन्ह कुणाविरुद्ध उगारलंय हे कळल्याशिवाय ते वाचता येत नाही. हा विरोधक देशागणिक बदलतो, कधी एकाच देशात दहा-बारा वर्षांतही बदलतो.

रंगावरून बाजू ठरवणं

लाल म्हणजे डावे हे समीकरण बऱ्याच देशांत चालतं, अमेरिकेत फसतं. तिथे २००० च्या अध्यक्षीय निवडणुकीपासून रिपब्लिकन लाल आणि डेमोक्रॅट निळे हे रूढ झालं. त्याआधी काही वाहिन्यांच्या नकाशांवर नेमके उलटे रंग असत. थायलंडमध्ये पिवळे शर्टवाले राजनिष्ठ आणि लाल शर्टवाले माजी पंतप्रधान थाक्सिन शिनावात्रांचे समर्थक. फिलिपिन्समध्ये मात्र १९८६ साली अध्यक्ष मार्कोस यांना पायउतार करणाऱ्यांचा रंग पिवळा होता. नारिंगी युक्रेनमध्ये २००४ च्या क्रांतीचा, उत्तर आयर्लंडमध्ये ब्रिटनशी एकनिष्ठ प्रोटेस्टंटांचा.

त्यामुळे एकटा रंग शोधू नका. त्याच देशात, त्याच वर्षी समोरच्या गटाचा रंग कोणता होता तेही शोधा. जोडी सापडली की बहुतेक वेळा गुंता सुटतो.

बोटं न मोजता फोटोखालची ओळ लिहिणं

'तीन बोटांचा सलाम' एवढं लिहून भागत नाही. थायलंडमध्ये २०१४ च्या लष्करी उठावानंतर आणि म्यानमारमध्ये २०२१ च्या उठावानंतर दिसलेल्या खुणेत तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका जुळवून सरळ वर असतात, अंगठा करंगळीला दाबून धरतो. ही खूण हॉलिवूडच्या एका चित्रपटमालिकेतून आली. सर्बियातल्या खुणेत अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट फाकलेलं असतं. ती सर्ब अस्मितेची खूण. बोस्नियात किंवा कोसोव्होत ती दाखवली तर लोकांना १९९० च्या दशकातलं युद्ध आठवतं. फोटो मोठा करून आधी अंगठा कुठे आहे ते बघा.

कृतीला कायमची विचारसरणी चिकटवणं

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. भांडी बडवणं म्हणजे गरिबांचं, डाव्यांचं आंदोलन असं सर्रास लिहिलं जातं. चिलीत मात्र डिसेंबर १९७१ मध्ये रिकामी भांडी घेऊन सान्तियागोच्या रस्त्यावर उतरलेल्या बायका समाजवादी अध्यक्ष आयेंदे यांच्या विरोधात होत्या, आणि त्यांत सुखवस्तू घरांतल्या बऱ्याच होत्या. मुद्दा टंचाईचा होता. १९८३ मध्ये त्याच देशात भांडी वाजली ती हुकूमशहा पिनोशे यांच्याविरुद्ध. ही पद्धत टिकण्याचं कारण साधं आहे: घराबाहेर पडावं लागत नाही आणि अंधारात आवाज नेमका कुठल्या खिडकीतून आला ते पोलिसांना चटकन कळत नाही. म्यानमारमध्ये २०२१ साली रोज रात्री आठला भांडी वाजू लागली, त्यामागे भुतंखेतं हुसकण्याची जुनी रीतही होती. तेव्हा आधी तारीख आणि सत्तेवर कोण होतं ते पाहा.

नाव आणि झेंडा जसाच्या तसा घेणं

ऑस्ट्रेलियाचा लिबरल पक्ष मध्यापासून उजवीकडे आहे, जपानचा लिबरल डेमोक्रॅटिक पक्ष परंपरावादी, आणि रशियातला त्याच नावाचा पक्ष उग्र राष्ट्रवादी. 'उदारमतवादी' असं भाषांतर करून तिघांना एका रांगेत बसवू नका. कर, स्थलांतर आणि कामगार कायद्यांवरची भूमिका तपासा.

परक्या झेंड्याचंही तेच. उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टमध्ये पॅलेस्टाइनचा झेंडा बहुधा आयरिश राष्ट्रवाद्यांच्या वस्तीत दिसतो, इस्रायलचा युनियनवाद्यांच्या, म्हणजे ब्रिटनसोबत राहू पाहणाऱ्यांच्या. पश्चिम आशियाबद्दलच्या मताइतकंच त्यातून गल्ली कुणाची तेही कळतं.

कायदा न बघता चिन्ह अंगावर घालणं

जर्मनीत नाझी चिन्हं सार्वजनिकरीत्या वापरली तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. युक्रेनमध्ये २०१५ पासून नाझी चिन्हांसोबत कम्युनिस्ट चिन्हांवरही बंदी आहे, त्यामुळे विळा-हातोड्याचा टी-शर्ट बॅगेत टाकण्याआधी विचार करा.

जुना फोटो आजच्या अर्थाने वापरणं

बेलारूसचा पांढरा-लाल-पांढरा झेंडा २०२० मध्ये अध्यक्ष लुकाशेन्को यांच्या विरोधातल्या आंदोलकांच्या हाती होता. १९९१ ते १९९५ दरम्यान तोच अधिकृत राष्ट्रध्वज होता. सरकारी इमारतीवर तो फडकताना दिसला म्हणून 'आंदोलकांनी इमारत ताब्यात घेतली' अशी ओळ देऊ नका. वर्ष लागत नसेल तर फक्त दिसतं ते लिहा: झेंड्याचे रंग, जागा, माणसं.