फंक्शनचं प्रेडिकेट करताना एक काळजी
डेव्हिड शिपमन यांच्या 1981 च्या डॅपलेक्स या डेटाबेस भाषेत डेटा म्हणजे वस्तू आणि त्यांच्यावरची फंक्शन्स. हे मॉडेल प्रोलॉग या तर्कावर चालणाऱ्या प्रोग्रॅमिंग भाषेत आणलं की विभाग(क) या फंक्शनचं (कर्मचारी ‘क’ दिला की त्याचा विभाग मिळतो) विभाग(क, व) असं प्रेडिकेट होतं, म्हणजे ‘क’चा विभाग ‘व’ आहे असं सांगणारा संबंध. फायदा मोठा आहे: विभाग देऊन कर्मचारी शोधता येतात, उलटं फंक्शन वेगळं लिहावं लागत नाही. (त्यासाठी दुसऱ्या जागेवरही, म्हणजे ‘व’वरही, इंडेक्स म्हणजे झटपट शोधायची सूची आहे ना, ते बघा.) पण ‘एकाला एकच उत्तर’ ही हमी इथे गळून पडते. म्हणून तपासणीचा नियम लगेच लिहा: एकाच ‘क’ला दोन वेगळे ‘व’ मिळत असतील, तर नवी नोंद नाकारा. कट (पुढची उत्तरं शोधणं थांबवणारी प्रोलॉगमधली खूण) टाकून पहिलंच उत्तर घ्यायचा मोह होतो, पण त्याने चुकीची नोंद फक्त झाकली जाते.