तळ्यात खत टाकताय? मग या चुका टाळा

रोहू-कटला सोडलेल्या तळ्यात खत टाकायचं ते पाण्यातल्या प्लवंगासाठी, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जीवांसाठी, ते वाढले की मासे त्यावर पोसतात. म्हणून आधी पाणी बघा. कोपरापर्यंत हात पाण्यात घाला, तळहात जेमतेम दिसेनासा झाला तर पाणी बरोबर आहे, तळहात स्वच्छ दिसतोय तर खत कमी पडतंय, आणि अर्ध्या हातातच तळवा गायब होत असेल तर गोणीला हातच लावू नका. पाणी गढूळ असेल तर ही परीक्षा फसते बरं का, मातीमुळे ऊन आत जात नाही आणि टाकलेलं खत वाया जातं.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे चुना आणि खत एकाच दिवशी. चुन्याने सुपर फॉस्फेटमधलं स्फुरद (फॉस्फरस) बांधलं जातं, आणि पाण्याचा सामू (pH) वाढलेला असताना युरिया पडला की अमोनिया माशांना बाधतो, म्हणून मध्ये किमान आठवडाभर तरी जाऊ द्या. सुपर फॉस्फेटचे दाणे नुसते फेकू नका, तळाशी जाऊन चिखलातच अडकतात. रात्रभर बादलीत भिजवा, सकाळी ढवळून ते पाणी तळंभर शिंपडा.

शेणाचं पण तसंच, ट्रॉली आणली आणि केली रिकामी असं करायचं नाही. मातीच्या तळ्याला १० गुंठ्याला वर्षाला साधारण १ टन शेण धरतात, त्यातलं २०० किलो बोटुकली (बोटाएवढी माशांची पिल्लं) सोडायच्या १५ दिवस आधी आणि बाकीचं हप्त्या-हप्त्याने. कोंबडी खत जास्त तेज असतं, ते शेणाच्या मापाने टाकाल तर फसाल. पाणवनस्पती माजल्या असतील तर आधी त्या काढा, नाहीतर खत त्याच खाणार. आणि प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या शेततळ्यात तळाला माती नसते, त्यामुळे तिथे मातीच्या तळ्याचा डोस जसाच्या तसा चालत नाही, थोडं थोडं टाकून पाण्याचा रंग बघत जा.

ढगाळ दिवसात खत बंद म्हणजे बंद. ऊन नसलं की प्लवंग ऑक्सिजन कमी बनवतात आणि शेण कुजताना आहे तोही खातं. पहाटे मासे वर तोंड काढून धापा टाकताना दिसले तर ताबडतोब एअरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) लावा किंवा पंप लावून पाणी उंचावरून पाडा, शक्य असेल तर ताजं पाणी सोडा, आणि त्या दिवशी खाद्यसुद्धा टाकू नका.