मे महिन्याआधी रीफ टँकची तयारी

होळी झाली की रीफ टँकवाल्याने, म्हणजे घरी खाऱ्या पाण्याच्या टाकीत प्रवाळं (कोरल) पाळणाऱ्याने, उन्हाळ्याची तयारी हातात घ्यावी. मे महिन्यात चिलरसाठी (पाणी थंड करणाऱ्या यंत्रासाठी) धावाधाव करायची म्हटलं, तर तो येऊन बसेपर्यंत पाणी 30 अंशांवर गेलेलं असतं. टाकीला 25 ते 27 अंश मानवतात. समुद्रातसुद्धा नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखादाच अंश जास्त असा काही आठवडे टिकला, की प्रवाळं आपल्या अंगातलं शैवाल बाहेर टाकून पांढरी पडतात. 1998 साली लक्षद्वीपला आणि मन्नारच्या आखातात हेच झालं.

पण घरच्या टाकीत बहुतेक वेळा उष्णतेच्या आधी प्राणवायू घात करतो, आणि माझी सगळी तयारी याच एका गोष्टीभोवती असते. खाऱ्या पाण्यात 25 अंशांना लिटरमागे साधारण 6.7 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांना 6.2. फरक थोडा दिसतो, पण कोमट पाण्यात माशांना प्राणवायू जास्त लागतो, आणि रात्री शैवालही तो तयार करायचा सोडून वापरायला लागतं. म्हणून टाकी पहाटे, दिवे लागण्याआधी बघावी. क्लाउनफिश पंपाच्या तोंडाशी उभा राहून कल्ले भराभर हलवत असेल, लेदर कोरल या मऊ प्रवाळाचे पॉलिप (फुलासारखी इवली तोंडं) मिटलेले असतील, तर थर्मामीटर बघण्याआधीच पृष्ठभागाची हालचाल वाढवा.

तेव्हा पहिलं काम पंपांचं. वेव्हमेकर (टाकीत लाटा करणारा पंप), रिटर्न पंप (खालच्या सम्पमधून पाणी वर आणणारा) आणि स्किमरचा (फेसातून घाण काढणाऱ्या यंत्राचा) पंप एकेक करून काढायचा, पांढऱ्या व्हिनेगरमध्ये भिजवून चुन्याचा थर सोडवायचा, रोटर बोटाने फिरवून बघायचा. चिलर असेल तर त्याच्या जाळीवरची धूळ ब्रशने काढा, आणि त्याची गरम हवा त्याच बंद कपाटात कोंडत नाही ना तेही बघा. चिलर नसेल तर सम्पवर, म्हणजे टाकीखालच्या गाळणीच्या टाकीवर, पंखा लावावा. पुण्या-नागपूरच्या कोरड्या हवेत तो तीनेक अंश उतरवतो. मुंबईच्या दमट हवेत त्याच्यावर भिस्त ठेवू नये. झाकण उघडं ठेवणार असाल तर वर बारीक जाळी हवीच, कारण रॅस आणि गोबी हे मासे उडी मारतात.

पंखा लावला की पाणी उडतं आणि मीठ मागे राहतं. 200 लिटरच्या टाकीतून सहा लिटर पाणी गेलं की खारटपणा (हजार भागांत किती भाग मीठ) 35 वरून 36 वर पोचतो. ही भर नेहमी आरओ-डीआयच्या (क्षार पूर्ण काढणाऱ्या फिल्टरच्या) गोड्या पाण्याने करायची, मिठाच्या पाण्याने कधीच नाही. उन्हाळ्यात सोसायटीत टँकर येऊ लागले की नळाच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) बदलतो, त्यामुळे त्या फिल्टरमधलं रेझिन आत्ताच बदलून टीडीएस शून्य येतोय का ते मोजा. 40-50 लिटर खारं पाणीही तयार करून झाकून ठेवा, लिटरला साधारण 35 ग्रॅम मीठ धरून. रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायचं उपकरण) वापरायच्या आधी 35 खारटपणाच्या द्रावणावर जुळवून घ्या. तोच चुकला तर पुढचे सगळे आकडे चुकतात.

आता वीज. चिलर इन्व्हर्टरवर चालवण्याचा नाद सोडा. 20 वॉटचा एक वेव्हमेकर तेवढा त्याच्यावर टाका. घरची 150 अँपिअर-अवरची बॅटरी बाकी भार नसेल तर तो दिवसभर सहज ओढते. जोडीला सेलवर चालणारा एअर पंप आणि जास्तीचे सेल ठेवा. मार्चमधल्या एखाद्या संध्याकाळी टाकीचं मुख्य बटण अर्धा तास बंद करून बघा: सम्प भरून वाहतो का, वीज आल्यावर सगळे पंप आपणहून सुरू होतात का. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते, तेव्हा ही परीक्षा तुम्ही घरी नसताना व्हायची ती आपल्या डोळ्यांदेखत झालेली बरी.

फ्रीजरमध्ये पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवा, पण त्यांच्याकडून चमत्काराची अपेक्षा नको. लिटरची एक बाटली 200 लिटर पाणी जेमतेम अर्धा अंश उतरवते. आणि ते चांगलंच आहे, कारण एकदम चार अंश उतरवणं प्रवाळांना उष्णतेइतकंच बाधतं. बर्फ सुटा टाकू नये, बाटली बंदच राहू द्यावी. टाकीचे दिवे संध्याकाळी चारनंतर लावले तर दुपारचा ताप तेवढा कमी होतो.

एप्रिल ते जून नवीन जीव आणू नका. कुरियरच्या डब्यात तापलेला मासा पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाला लगेच बळी पडतो, आणि तो रोग टाकीत शिरला की कोरल असलेल्या पाण्यात तांब्याचं औषध घालता येत नाही. आपल्या समुद्रातली कठीण प्रवाळं, समुद्रपंखे आणि समुद्री घोडे यांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, हेही विकत घेताना लक्षात असू द्या. कागदपत्रांशिवाय कोणी देत असेल तर घेऊ नका.

सुट्टीत गावी जाणार असाल तर खाणं दिवसागणिक पुड्या बांधून शेजाऱ्यांकडे द्या आणि खाण्याचा डबा लपवून ठेवा. टाकीवर मोठ्या अक्षरात तीन ओळी चिकटवा: वीज गेली तर खायला घालू नका, सेलचा पंप चालू करा, मला फोन करा.