खालची कवळी आणि दोन इम्प्लांट: पकड कशी टिकवायची

वरच्या कवळीला टाळूचा आधार मिळतो. खालची मात्र घोड्याच्या नालेच्या आकाराच्या अरुंद हिरडीवर टेकलेली असते, आणि जीभ, ओठ, गाल तिला सतत हलवत असतात. शिवाय दात गेल्यावर खालचं हाड वरच्यापेक्षा बरंच जास्त झिजतं. म्हणून २००२ मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी, खालच्या जबड्यात एकही दात उरला नसेल तर दोन इम्प्लांटवरची (म्हणजे हाडात बसवलेल्या धातूच्या स्क्रूंवरची) कवळी हा पहिला पर्याय असावा, असं मत मांडलं. इम्प्लांट साधारण सुळ्यांच्या जागी बसतात. हाड त्यांना घट्ट धरेपर्यंत सहसा तीनेक महिने जातात, मग कवळी जोडली जाते.

अपेक्षा मात्र आधीच नीट ठरवा. कवळी बोलताना उचलली जात नाही, चावताना टोचणं कमी होतं, चारचौघांत जेवायची धास्ती जाते. पण ती स्वतःच्या दातांसारखी होत नाही: दोनच इम्प्लांट असल्याने मागचा भाग अजूनही हिरडीवरच टेकतो. म्हणून घास लहान घ्या आणि दोन्ही बाजूंनी चावा. पुढच्या दातांनी कडक वस्तू तोडली की मागची बाजू उचलली जाते.

बसवण्याची पद्धत इथे सगळ्यात महत्त्वाची. कवळी हातानेच इम्प्लांटच्या बटणांवर, म्हणजे हिरडीतून वर आलेल्या त्यांच्या टोकांवर आणा, दोन्ही बाजूंना बोटं ठेवून एकाच वेळी दाबा, ‘टक’ असं जाणवेल. दात आवळून बसवायची सवय लागली, तर कवळी बटणांवर जरा तिरकी असताना जोर पडतो आणि कवळीच्या आतलं, बटण पकडून ठेवणारं नायलॉनचं ‘रबर’ कापलं जातं. काढतानाही दोन्ही अंगठे कडेखाली घालून सारख्याच जोराने उचला.

रोज रात्री कवळी काढून ठेवा, हिरडीला विश्रांती लागते. मऊ ब्रश आणि साध्या साबणाने धुवा. टूथपेस्टने अ‍ॅक्रिलिकवर ओरखडे पडतात. गरम पाण्याने ती वाकडी होते, ब्लीचने रबर आणि ते जिच्यात बसतं ती धातूची टोपी, दोन्ही खराब होतात. धुताना बेसिनमध्ये पाणी भरून ठेवा किंवा टॉवेल अंथरा, हातातून निसटली तरी फुटणार नाही. तोंडातली बटणं मात्र बऱ्याच जणांकडून राहूनच जातात. लहान डोक्याच्या ब्रशने प्रत्येक बटणाभोवती, हिरडीला लागून, दिवसातून दोनदा घासा. तिथे कीटण साचलं की हिरडी सुजते, आणि वर चढलेला कडक थर रबरही लवकर झिजवतो.

कवळी सैल झाली की सगळे रबर बदलायला धावतात. आधी घरीच तपासा. मागच्या दाढेवर बोटाने दाबा. कवळी हलत नसेल पण ओढताच सहज निघत असेल, तर रबर झिजलंय. ते दवाखान्यात थोड्या वेळात बदलता येतं. दाबल्यावर पुढची किंवा दुसरी बाजू उचलली जात असेल, तर खालचं हाड झिजून पोकळी झाली आहे. तिथे रिलाइनिंग, म्हणजे कवळीच्या आतला थर नव्याने भरणं, हाच उपाय. नुसतं रबर बदललं तर तेही काही दिवसांत झिजेल, कारण डुलणाऱ्या कवळीचा सगळा ताण त्याच्यावरच येतो. रबरं रंगानुसार कमी-जास्त घट्ट असतात. हात दुखरे किंवा थरथरणारे असतील तर हलक्या पकडीचं मागा, नाहीतर कवळी काढणंच अवघड होईल.

तपासणी वर्षातून एकदा तरी हवी. धूम्रपान करत असाल किंवा मधुमेह असेल तर अधिक वेळा जा. दोन आठवड्यांत न भरणारा व्रण, बटणाभोवती रक्त किंवा पू, किंवा इम्प्लांटच हलतोय असं वाटलं, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा. इम्प्लांट हलत असेल तर दुखत नसलं तरी.