रॉक बँड ४ वर डीएलसीतली जुनी रॉक गाणी नीट कशी वाजवायची

रॉक बँड ४ म्हणजे प्लास्टिकची गिटार, ड्रम्स आणि माइक घेऊन स्क्रीनवर येणाऱ्या नोट्सप्रमाणे गाणी वाजवायचा कन्सोल गेम, आणि डीएलसी म्हणजे त्यासाठी वेगळी विकत घेऊन डाउनलोड करायची गाणी. सुरुवातीलाच एक गोष्ट क्लियर करतो. ५ ऑक्टोबर २०२५ ला गेमला १० वर्षं पूर्ण झाली आणि मूळ गाण्यांची लायसन्स संपली, त्यामुळे रॉक बँड ४ आता डिजिटल स्टोअरवर विकत मिळत नाही. डीएलसीचंही तेच, ज्या गाण्याचं लायसन्स संपेल ते गाणं स्टोअरमधून जातं. पण तुम्ही आधी घेतलेलं असेल तर अकाउंटवरून परत डाउनलोड करता येतं, आणि सेकंडहँड डिस्क मिळाली तर ती चालतेच. म्हणजे हे ज्यांच्याकडे जुनी लायब्ररी पडून आहे त्यांच्यासाठी, किंवा अमेरिकेतल्या चुलतभावाने घर बदलताना प्लास्टिकची गिटार आणि कन्सोल तुमच्या गळ्यात मारलाय अशा लोकांसाठी.

डिस्क बाहेरून आणणाऱ्यांनी रीजन बघा. प्लेस्टेशनवर डिस्क आणि डीएलसी एकाच रीजनची लागते, अमेरिकन डिस्क आणि इथल्या अकाउंटवरची गाणी असं मिक्स केलं तर गाणी डाउनलोड होतील पण गेमला दिसणारच नाहीत आणि तुम्ही उगाच कन्सोलला शिव्या घालत बसाल. प्लेस्टेशन ३ वर घेतलेली बरीचशी गाणी ४ वर येतात, एक्सबॉक्स ३६० ची एक्सबॉक्स वनवर येतात, पण एका कंपनीकडून दुसऱ्या कंपनीकडे काही जात नाही. आणि बीटल्सचा जो वेगळा गेम होता २००९ चा, त्यातली गाणी त्या गेमबाहेर येतच नाहीत, शोधत बसू नका. लेड झेपेलिनही शोधू नका, ते या सिरीजमध्ये कधी आलेच नाहीत.

आता मुद्द्याचं. जुनी रॉक गाणी आणि नवीन गाणी यात वाजवताना मोठा फरक जाणवतो, तो म्हणजे टेम्पो. आजकाल बहुतेक रेकॉर्डिंग क्लिक ट्रॅकवर होतं, मेट्रोनोम कानात, सगळं काटेकोर. साठ-सत्तरच्या दशकात बऱ्याचदा बँड एका खोलीत उभा राहून ड्रमरच्या भरवशावर वाजवायचा, कोरस आला की जरा जोर चढायचा, मग परत खाली. गेममधल्या नोट्स त्या खऱ्या रेकॉर्डिंगवर बसवलेल्या आहेत, त्यामुळे टेम्पो हलला की नोट्सही हलतात. फक्त स्क्रीनकडे बघून वाजवणारा माणूस इथे गडबडतो, आणि त्याला वाटतं गेमच बरोबर नाहीये. कान ड्रम्सवर ठेवा, स्नेअर (ड्रम सेटमधला कडक आवाजाचा ड्रम) कुठे पडतोय ते ऐका, नोट्स नुसत्या कोणतं बटण दाबायचं ते सांगायला आहेत असं समजा.

पण कानावर भरवसा ठेवायचा तर आधी कॅलिब्रेशन. हे न करता वाजवायला बसणं म्हणजे तंबोरा न जुळवता गायला बसणं. टीव्ही गेम मोडवर टाका, ब्लूटूथ स्पीकर बंद करा म्हणजे करा, साउंडबार असेल तरी एकदा थेट टीव्हीचा आवाज लावून फरक बघा. मग गेमच्या सेटिंगमध्ये ऑडिओ आणि व्हिडिओ लॅग, म्हणजे आवाज आणि चित्र किती उशिरा येतं ते, वेगवेगळा मोजायचा. ज्या गिटारमध्ये सेन्सर असतो ती टीव्हीसमोर धरली की गेम स्वतः मोजतो, नाहीतर हाताने. हाताने करताना आकडा लागोपाठ दोनदा साधारण सारखा आला तरच घ्या. आणि टीव्ही बदलला, वायर बदलली, मित्राच्या घरी गेलात की परत करायचं, यात आळस नको.

दुसरं सेटिंग जे बरेच जण बघतच नाहीत ते फ्रीस्टाइल सोलो. रॉक बँड ४ मध्ये गिटार सोलो आला की गेम तुम्हाला स्वतःचं काहीतरी वाजवायला देतो, पार्टीत मजा येते, पण तुम्ही ते गाणं मुळात सोलोसाठीच घेतलं असेल तर हे काय कामाचं? ऑप्शनमध्ये जाऊन बंद करा, म्हणजे मूळ सोलो नोट टू नोट येतो, शेवटी किती टक्के लागला तेही दाखवतो. रॉक बँडच्या गिटारला बॉडीजवळ जी छोटी पाच बटणं असतात ती याचसाठी, सोलोच्या भागात त्यावर स्ट्रम न करता, म्हणजे तारेच्या जागची पट्टी न हलवता, नुसतं टॅप केलं तरी चालतं. बाकी गाण्यात हॅमर-ऑन वापरा, म्हणजे ज्या नोट्स आकाराने बारीक दिसतात त्यांच्या आधीची नोट लागली असेल तर त्या स्ट्रमशिवाय वाजतात.

गाणं कोणतं आधी घ्यायचं? नवख्याला बेस द्या आणि क्वीनचं अनदर वन बाइट्स द डस्ट लावा. जॉन डीकनची ती बेस लाइन सगळ्यांच्या डोक्यात आधीच बसलेली असते, त्यामुळे हात आपोआप जातो, आणि बेसला मल्टिप्लायर (न चुकता वाजवत राहिलं की गुण जितक्या पटीने मिळतात तो आकडा) ६ पर्यंत चढतो, बाकीच्यांना ४, त्यामुळे नवखा माणूसही स्कोअरला हातभार लावतो आणि खूश राहतो. इझीवर तीनच फ्रेट, म्हणजे गिटारच्या मानेवरची रंगीत बटणं, लागतात, हिरवा लाल पिवळा, मीडियमला निळा येतो, हार्डला नारिंगी. मीडियमवरून हार्डवर जाताना करंगळी रडते, ते सगळ्यांचंच होतं. क्वीनच्या गाण्यांना गायक कोण यावरून आमच्याकडे भांडणं होतात, फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या शाळेत शिकला म्हणून कोणीतरी हक्क सांगतंच. मात्र हा जो क्वीनचा पॅक आहे तो २००९ चा, म्हणजे रॉक बँड ३ च्या आधीचा, त्यामुळे तिघांनी तीन सूर गायचे असं त्यात धरून चालू नका. तीन आवाजांच्या हार्मनीसाठी बोहेमियन रॅप्सडी, ते मूळ रॉक बँड ३ च्या डिस्कवरचं. माइक साधा यूएसबीचा चालतो.

माझं आवडतं आणि शिकायला सगळ्यात भारी गाणं म्हणजे द हूचं बाबा ओ'रायली. १९७१ चं गाणं. यातले बाबा म्हणजे आपले मेहेरबाबा, पुण्यात जन्मलेले, नगरजवळ मेहेराबादला समाधी आहे ते, पीट टाउनशेंड त्यांचा भक्त होता, आणि रायली म्हणजे टेरी रायली हा संगीतकार. सुरुवातीला नुसता ऑर्गन गोल गोल फिरत राहतो, मग पियानोचे ठोके, मग कीथ मूनचे ड्रम्स. तो ऑर्गन आधी टेपवर घेतलेला होता आणि बँड त्याच्यावर वाजवत होता, त्यामुळे वरती जे टेम्पो हलण्याचं बोललो ते इथे बराच वेळ होत नाही, गाणं रुळावरून चालल्यासारखं जातं. ड्रमरने पियानोच्या ठोक्यांवर पाय हलवायला सुरुवात करायची, म्हणजे एंट्री चुकत नाही. मूनचे फिल्स, म्हणजे ओळींच्या मधल्या जागेत भरलेले ड्रमचे तुकडे, मोजून वाजवता येत नाहीत, तो माणूस मोजणाऱ्यातला नव्हताच, म्हणून आधी प्रॅक्टिस मोडमध्ये तेवढाच सेक्शन स्पीड कमी करून हातात बसवा, कोणत्या हाताने सुरू करायचं ते ठरवा आणि मग फुल स्पीडला या. आणि शेवटी व्हायोलिन आलं की खरी मजा, कारण तिथे टेम्पो चढत चढत जातो, स्क्रीनवरच्या बीटच्या आडव्या रेघा जवळ जवळ यायला लागतात आणि जो बघून वाजवतोय तो तिथेच सुटतो. ओव्हरड्राइव्ह (खास नोट्स नीट वाजवल्या की साठणारी जादा पॉवर) या भागासाठी राखून ठेवा, मीटर अर्धं भरलं की वापरता येतो, गिटार वर उचलायची. एकटे असाल तर स्कोअरसाठी, बँडमध्ये असाल तर कोणी आउट झालं तर त्याला परत आणण्यासाठी.

रशचं वायवायझी (YYZ) हे सुरुवातीला घेऊ नका. १९८१ च्या मूव्हिंग पिक्चर्समधलं, पूर्ण अल्बम डीएलसीत आला होता. टोरोंटो विमानतळाचा कोड मोर्समध्ये वाजवलाय, त्याच तालावर गाणं उघडतं, म्हणजे वाय ला लांब-आखूड-लांब-लांब असं दोनदा आणि मग झेड ला लांब-लांब-आखूड-आखूड. हे तोंडाने म्हणत म्हणत वाजवा, चार-चारच्या हिशोबाने मोजायला गेलात तर दुसऱ्याच फेरीत घसरगुंडी. यात शब्दच नाहीत, म्हणून गायकाला इथे सुट्टी, त्याला चहा करायला पाठवा. गाण्याच्या नावासमोर किती अवघड ते दाखवणाऱ्या ठिपक्यांऐवजी सैतानाची तोंडं दिसली तर समजून घ्या काय वाट बघतंय.

आणखी एक, बरीच जुनी गाणी शेवटी फेड-आउट होतात, आवाज कमी होत जातो पण नोट्स येत राहतात. बरेच जण आवाज गेला की हात सोडतात आणि चांगली चाललेली स्ट्रीक (सलग न चुकता लागलेल्या नोट्स) शेवटच्या दहा-बारा नोट्सला घालवतात. स्क्रीन रिकामी होईपर्यंत वाजवत राहायचं.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी ड्रम्सच्या खाली जाड सतरंजी किंवा रबर मॅट टाकाच. पॅडच्या टकटकीपेक्षा किक पेडलचा धप्प आवाज खालच्या मजल्यावर जास्त जातो, शिवाय टाइल्सवर पेडल पुढे सरकत जातं आणि गाण्याच्या अर्ध्यात तुम्ही खुर्चीच्या टोकावर येता.

ज्यांना रॉक बँड ४ मिळतच नाहीये त्यांनी फोर्टनाइट गेममधला संगीताचा भाग, फोर्टनाइट फेस्टिव्हल, बघा, डिसेंबर २०२३ ला आला, बनवणारी कंपनी तीच रॉक बँडवाली हार्मोनिक्स, आता फोर्टनाइटवाल्या एपिककडे आहे. गाण्याला जॅम ट्रॅक म्हणतात, एक साधारण ५०० व्ही-बक्सला (फोर्टनाइटमधलं चलन) पडतो, रोज काही गाणी फुकट फिरत असतात आणि साध्या कंट्रोलरवरही वाजतं. प्लास्टिक गिटार असेल तर प्रो लीड किंवा प्रो बेस निवडा, नाहीतर गिटार हातात असून बटणं दाबल्यासारखंच वाटेल. विकायला असलेली गाणी शॉपमध्ये बदलत राहतात, त्यामुळे आवडता बँड दिसला की लगेच घ्या. आणि इथलं कॅलिब्रेशन वेगळं असतं, रॉक बँडमधले आकडे इकडे डोळे मिटून टाकू नका, परत मोजा.