टॅब ‘डेड’ झाला असं ठरवण्याआधी या चुका टाळा

कपाटातून चार-पाच महिन्यांनी टॅब बाहेर काढला, चार्जिंगला लावला आणि पाच मिनिटांनी बटण दाबलं. काही नाही. केबल काढून उलटी लावली, पुन्हा बटण. अर्ध्या तासात घरात एकमत होतं: ‘गेला टॅब.’ खरं तर बरेचदा तो गेलेला नसतो, त्याला कुणी स्वस्थ चार्जच होऊ दिलेलं नसतं.

यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. टॅबमधल्या लिथियम-आयन सेलचं व्होल्टेज पूर्ण भरल्यावर साधारण ४.२ असतं आणि ते ३ च्या आसपास उतरलं की टॅब स्वतःला बंद करतो. पण बंद टॅबही थेंबथेंब वीज खातच असतो. महिनोन्महिने पडून राहिला की व्होल्टेज आणखी खाली जातं. इतक्या रिकाम्या सेलमध्ये एकदम जोरात प्रवाह सोडणं धोक्याचं, म्हणून चार्जिंगची चिप आधी अगदी बारीक धारेने, नेहमीच्या साधारण दहाव्या हिश्शाने, भरायला सुरुवात करते. या काळात स्क्रीन काळीच राहते, कारण बॅटरीचं चित्र दाखवण्यापुरतीही वीज नसते. अशा वेळी आपण दर दोन मिनिटांनी बटण दाबलं की टॅब उठायची धडपड करतो, जमलेलं खाऊन टाकतो आणि पुन्हा आडवा होतो.

तेव्हा चार्जिंगला लावा आणि तासभर त्याच्याकडे पाहूही नका. ॲपलसुद्धा आयपॅडसाठी एक तासापर्यंत वाट पाहायला सांगते. फार काळ पडून असलेल्या टॅबला मी तीन-चार तास देतो. पण त्याला ‘जागं’ करण्यासाठी बॅटरीला बाहेरून थेट वायर जोडण्याचे जे व्हिडिओ फिरतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. फार उतरलेल्या सेलच्या आत तांबं विरघळून शॉर्ट होण्याची शक्यता असते. चार्जिंगची चिप अशा सेलला नकार देत असेल, तर तिला तसं करायला कारण असतं.

‘चार्जर चांगला आहे, फोन होतो की चार्ज!’

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता आधी अडॅप्टरच हातात मागतो. त्यावर बारीक अक्षरात ‘आउटपुट’पुढे काय लिहिलंय ते वाचा. ५ व्होल्ट, १ अँपिअर म्हणजे ५ वॉट. जुन्या फोनला ते पुरतं. टॅबची बॅटरी त्याहून बरीच मोठी, तिला किमान १० वॉट तरी हवेत. कॉम्प्युटरच्या साध्या यूएसबी २.० पोर्टमधून तर जेमतेम अडीच वॉट मिळतात. स्क्रीन चालू असेल तर तेवढे तीच पिऊन टाकते आणि चार्जिंगचं चिन्ह दिसत असूनही टक्का खाली येतो. म्हणून भिंतीतल्या सॉकेटला अडॅप्टर लावा, एक्स्टेन्शन बोर्ड मध्ये आणू नका. त्या सॉकेटला आधी दुसरं काही लावून ते चालतंय का हेही पाहा. बोर्डाचं बटण बंद असल्याचं शेवटी लक्षात आलेले लोक मी पाहिलेत. (त्यात एकदा मीही होतो.)

टाइप-सी टॅबची आणखी एक गंमत आहे. केबलची दोन्ही टोकं टाइप-सी असतील, तर समोर खरंच कुणी जोडलंय का हे तपासल्याशिवाय अडॅप्टर वीज सोडतच नाही. ही ओळख टॅबमधल्या दोन छोट्या रेझिस्टरवरून पटते. काही स्वस्त टॅबमध्ये ते रेझिस्टर घातलेलेच नसतात. मग महागातला नवा चार्जर लावूनही टॅब ढिम्म राहतो आणि एका टोकाला जुना रुंद यूएसबी प्लग असलेली केबल लावली की मुकाट चार्ज होऊ लागतो. तुमच्याकडे अशी जुनी केबल असेल तर टॅबला दोष देण्याआधी ती लावून बघा.

जुन्या, गोल पिनच्या टॅबबाबत मात्र उलटी सावधगिरी हवी. पिन आत बसली म्हणजे चार्जर चालतो असं नाही. तशाच दिसणाऱ्या पिनमधून ५ व्होल्टही येतात आणि १२ ही. आकडा जुळत नसेल तर लावूच नका.

पोर्टमध्ये सुई घालू नका

प्लग पूर्वीसारखा ‘टक्’ करून बसत नसेल, थोडा बाहेर राहत असेल किंवा विशिष्ट कोनात धरल्यावरच चार्ज होत असेल, तर टॉर्च मारून पोर्टच्या आत बघा. खिशातली, पिशवीतली लव दर वेळी प्लगच्या दाबाने तळाशी ठासली जाते आणि तिथे नमद्यासारखा करडा थर तयार होतो. टॅब बंद करून लाकडी टूथपिकच्या टोकाने तो कडेकडेने उचकटून काढा. केवढा गोळा निघतो ते पाहून आश्चर्य वाटेल. टाइप-सी पोर्टच्या मधोमध पातळ जीभ असते, तिच्यावर जोर देऊ नका. सुई, टाचणी, स्टेपलरची पिन कटाक्षाने टाळा, कारण त्यांनी शॉर्ट तरी होतं किंवा संपर्कबिंदू वाकतात. तोंडाने फुंकरही नको, थुंकीची वाफ आत जाते.

पोर्ट ओला असेल तर चार्जिंग बंद ठेवा आणि टॅब हवेशीर जागी पोर्ट खाली करून वाळू द्या. तांदळात पुरून ठेवायचा उपाय विसरा. त्याचे कण आत जाऊ शकतात, म्हणून ॲपलनेही २०२४ मध्ये आयफोनबाबत तसं न करण्याचा सल्ला दिला होता. हेअर ड्रायरही नको.

तापलेल्या गाडीत राहिलेला टॅबही चार्ज व्हायला नकार देतो. साधारण ४५ अंशांच्या वर किंवा शून्याच्या खाली बॅटरी चार्ज करणं सुरक्षित नसतं. सावलीत ठेवा, आपोआप निवू द्या. फ्रीजमध्ये ठेवाल तर आत दव धरेल.

चालू आहे, पण दिसत नाही

बाबांचा टॅब ‘बंद पडला’ तेव्हा मी चार्जर, केबल, बटणं असं सगळं करून बसलो. स्क्रीन काळी, पण मधूनच नोटिफिकेशनचा टुणटुण आवाज यायचा. पोर्ट नीट दिसावा म्हणून कव्हर काढलं आणि स्क्रीन हातातच उजळली! नव्या कव्हरच्या झडपेत चुंबक होतं आणि झडप मागे दुमडली की ते नेमकं टॅबच्या सेन्सरवर यायचं. कव्हर मिटलंय असं समजून टॅब झोपायचा. तेव्हापासून मी पहिल्यांदा कव्हर काढतो.

आवाज येतोय, कॉम्प्युटरला जोडल्यावर टॅब ओळखला जातोय आणि स्क्रीन तेवढी काळी, असं असेल तर दोष बॅटरीत शोधू नका. टॅब हँग झालेला असू शकतो. त्यावर सक्तीचा रीस्टार्ट हा उपाय, आणि त्याने डेटा पुसला जात नाही. सॅमसंगवर पॉवर आणि आवाज कमी करण्याचं बटण एकत्र सात सेकंदांहून जास्त दाबून धरा. होम बटण असलेल्या आयपॅडवर होम आणि वरचं बटण लोगो दिसेपर्यंत धरा. होम बटण नसेल तर वरच्या बटणाजवळचं आवाजाचं बटण दाबून सोडा, मग आवाजाचं दुसरं, मग वरचं बटण लोगो येईपर्यंत धरून ठेवा. बहुतेक लोक चौथ्या-पाचव्या सेकंदाला कंटाळून सोडून देतात.

लोगोवर येऊन टॅब पुन:पुन्हा बंद होत असेल तर आधी तासभर चार्ज करा. कमी चार्जवरही हेच होतं. इंटरनेटवर लगेच सुचवला जाणारा फॅक्टरी रीसेट सगळं पुसून टाकतो आणि चार्जिंगचा दोष त्याने जात नाही.

आता वर लिहिलेलं सगळं बाजूला ठेवायची वेळ कोणती, तर पाठ फुगलेली दिसली किंवा स्क्रीनची एक कड उचललेली दिसली तर. सपाट टेबलावर ठेवून टॅब डुगडुगतो का बघा. फुगलेली बॅटरी चार्ज करायची नाही, दाबून बसवायची नाही, टोचायची तर मुळीच नाही. टॅब बंद करा, गादी-कागदांपासून दूर ठेवा आणि लवकर दुरुस्तीला न्या.

दुरुस्तीवाल्याला नुसतं ‘चालत नाही’ म्हणू नका. किती दिवस पडून होता, कुठला अडॅप्टर लावला, आवाज येतो का, पडला किंवा भिजला होता का, हे सांगा. डेटा हवा असेल तर तो पुसू नका, हेही आधीच स्पष्ट बोला. आणि घरीच टॅब एकदाचा उजळला, तर चार्जिंग तसंच चालू ठेवून आधी फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे उतरवून घ्या. बॅटरी किती टिकते ते नंतर बघता येईल.